पहिलं तळं हिरवं होतं

१

शनिवारी सकाळी चौथ्या तळ्यातले मासे पोट वर करून तरंगले, आणि करवंदवाडीच्या बाया हंडे काठावर टाकून ओरडत गावाकडे पळाल्या.

सोमवारी त्याच तळ्यांच्या काठी म्हातारा राखणदार पुंजाराम गभाले मेलेला सापडला होता. गुरुवारी तिसऱ्या तळ्यातल्या वेखंडानं माना टाकल्या. आणि आता हे मासे. गावाला याहून जास्त पुरावा नको होता. आधी राखणदार मारला, मग पाण्यात विष कालवलं. कोणी, तेही गावानंच ठरवून टाकलं.

हवालदार राजनंदिनी भांगरे पोचली तेव्हा हनुमंत धिंदळे स्वतःच्याच जेसीबीच्या चाकाशी मुटकुळं करून पडला होता. डोकं फुटलं होतं. चाळीस माणसं भोवती होती, आणि अजून कोणाचेच हात थकले नव्हते.

"सरका!" राजनंदिनी त्याच्या अंगावर आडवी झाली. "आता ज्याला मारायचंय त्यानं मला मारा. मी याच वाडीची लेक हाय. मारा."

लोक थांबले. पण घरी कोणीच गेलं नाही.

"नंदे, त्येला घिऊन जा," गर्दीतून तिचा सख्खा भाऊ गोरक्ष म्हणाला. त्याच्या हातात फळी होती. "पन परत आला तर आमी सोडनार न्हाई. त्येनं आमचं पानी मारलंय."

आमचं पाणी. हे दोन शब्द करवंदवाडीत कसे उच्चारतात, ते बाहेरच्याला कळायचं नाही. वाडीच्या वर सपाट खडकाळ सड्यावर जुनी खाण होती. तीसेक वर्षांपूर्वी कुठलीशी कंपनी आली, लाल दगड खणत खणत खाली गेली आणि गंधकाचा वास मारणाऱ्या काळ्या थराला जाऊन भिडली. मग एक दिवस यंत्रं उचलून निघून गेली. मागं राहिलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं, त्या थरात मुरलं आणि आंबट, तांबडं होऊन ओढ्याला लागलं. भात जळालं. विहिरी गेल्या. राजनंदिनीच्या आईनं वीस वर्षं दोन डोंगरांपलीकडून पाणी वाहिलं, आणि आज ती माउली मान सरळ करून आभाळाकडे बघू शकत नव्हती.

चार वर्षांपूर्वी संगमनेरहून सुकन्या नवले आल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांनी ओढ्यावर उतरती चार तळी खणून घेतली. पहिल्यात पाणकणीस लावलं, दुसरं गाळ बसायला मोकळं ठेवलं, तिसऱ्यात वेखंड आणि लव्हाळा लावला, चौथ्यात कमळं आणि मासे सोडले. "झाडं पाणी धुतील," असं त्या म्हणाल्या तेव्हा गाव हसलं होतं. दोन वर्षांनी चौथ्या तळ्याचं पाणी गुरं प्यायली, आणि मग माणसंही.

येत्या मंगळवारी जिल्ह्याची समिती येणार होती. पाणी चांगलं निघालं तर तळ्यांना कायमची मंजुरी मिळणार होती आणि घरोघरी नळ येणार होते. वाईट निघालं तर वाडी उठवून खाली माळावर न्यायची आणि खाण नव्या कंपनीच्या हवाली करायची, असा ठराव तयारच होता.

ठाण्यातल्या साहेबांनी फोनवर राजनंदिनीला एवढंच सांगितलं, "सोमवारी संध्याकाळपर्यंत हनुमंतवर खुनाचा कागद तयार ठेव. समितीसमोर तमाशा नको."

तिच्या हाती अडीच दिवस होते.

२

पुंजारामच्या घरात जमिनीवर दिवा तेवत होता. त्याची बायको रंगुबाई भिंतीला टेकून बसली होती. शेणानं सारवलेल्या भिंतीवर तिनंच कधी काळी गेरूचे पट्टे ओढले होते. सहा दिवसांत ती धड जेवली नव्हती.

"मावशी, बाबांचं कोणाशी भांडण होतं?"

"हनुमंतासंगं झालं हुतं की. गावसभेत. त्यो म्हनला, तुमची झाडं येक दिस जाळून टाकतो. त्येला खान पायजे, त्येच्या मशीनला काम पायजे." रंगुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "पन आमचं म्हातारं भ्यालं न्हाई. म्हनायचं, माझी झाडं हायेत ती. लेकरावानी बघायचं. बाजारच्या दिशी सुदिक समदं गाव जीपनं राजूरला जायचं, आन् ह्ये पैल्या जीपनं जाऊन दुपारच्या आत माघारी. झाडांपाशी."

"बाजारातून काय आणायचे?"

"मला कुटं दावायचे? म्हनायचे, मॅडमचं काम हाय."

राजनंदिनीनं शवविच्छेदनाचा कागद परत उघडला. फुप्फुसात पाणी. म्हणजे मृत्यू बुडून. दोन्ही डोळे भाजलेले, तळहात भाजलेले, कसल्या तरी रसायनानं. साहेबांच्या मते हनुमंतनं म्हाताऱ्यावर तेजाब फेकलं आणि ढकलून दिलं.

"मावशी, बाबांचे हात कसे होते? त्या दिवसाआधी, म्हणते मी."

रंगुबाईनं स्वतःचा हात पुढं केला आणि बोटांच्या पेरांवर दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं. "हितं समदं फुटल्यालं. चिरा पडल्याल्या, पांढऱ्या. राती मी तेल लावायची. मी म्हनायची, त्या खानीच्या पान्यानं व्हतंय."

लहानपणी राजनंदिनी आणि गोरक्ष त्या तांबड्या पाण्यात पाय सोडून तासन्‌तास बसायची. पायांवर गंजाचं पुट चढायचं, कातडी खरखरीत व्हायची. पण चिरा कधी पडल्या नव्हत्या, आणि पांढऱ्या तर नाहीच नाही.

मग पुंजाबाबांचे हात महिनोन्‌महिने खात होतं ते काय?

३

हनुमंतच्या डोक्याला नऊ टाके पडले होते. कोठडीच्या कोपऱ्यात तो गुडघे छातीशी घेऊन बसला होता. राजनंदिनीनं चहा पुढं केला, तर त्याला पेला धरता येईना.

"ताई, मी बोललो हुतो. भर सभेत बोललो. खोटं कशाला बोलू?" त्याचा ओठ सुजला होता, शब्द नीट फुटत नव्हते. "ती खान चालू झाली तर माझं मशीन चालंल, असं वाटलं. पन पुंजाबाबाला मी हात लावीन? मला पवाया त्यानं शिकवलं."

"तुझ्या शेडमध्ये तणनाशकाचा डबा सापडलाय."

"वाडीत कुनाच्या घरी न्हाई त्यो डबा?" तो रडकुंडीला आला. "आन् ताई, तुमीच सांगा. मला झाडं मारायची असती तर मी पैलं तळं मारलं असतं. रस्त्याला त्येच लागतंय. समदं पानकनीस तितंच हाय. मी खाली तिसऱ्या तळ्यापतूर कशाला मरायला जाईन?"

राजनंदिनी उठली ती थेट जीपमध्ये बसली आणि भर उन्हात वर तळ्यांवर गेली.

पहिलं तळं हिरवंगार होतं. पुरुषभर उंचीचं पाणकणीस वाऱ्यावर सळसळत होतं, तपकिरी कणसं डोलत होती. खाणीतलं सगळ्यात आंबट पाणी आधी याच तळ्यात पडायचं, आणि इथं एक पान पिवळं नव्हतं. दुसरं तळं मोकळंच असायचं, तांबडं. तिसऱ्यातलं वेखंड मुळाशी काळं पडून आडवं झालं होतं. चौथ्याच्या काठावर मेलेल्या माशांचा वास येत होता.

तिनं काठावर बसून बोटांवर दिवस मोजले. सोमवारी पुंजाबाबा गेले. गुरुवारी तिसरं तळं गेलं, शनिवारी चौथं. कोणी वरून विष ओतलं असतं तर पहिलं तळं आधी मेलं असतं. कोणी तिसऱ्यात ओतलं असतं तर वेखंड एका दिवसात जळालं असतं. वरून, शेंड्याकडून जळालं असतं. हे तर मुळाकडून, सावकाश मेलं होतं. जे काही आलं ते पाण्याच्याच चालीनं, एका तळ्यातून दुसऱ्यात उतरत आलं होतं.

आणि पाणी ज्या दिवसापासून बदलत गेलं, त्या दिवशी इथं एकच नवी गोष्ट घडली होती. एक म्हातारा नाहीसा झाला होता.

तळ्यात कोणी काही टाकलंच नसेल तर? उलट, कोणीतरी रोज टाकत होतं ते थांबलं असेल तर?

४

ज्ञानेश्वर हा सुकन्या मॅडमचा मदतनीस. शेवगावकडचा, शांत, चष्मा लावणारा तरुण. पाण्याच्या नोंदींची वही त्यानं राजनंदिनीपुढं ठेवली आणि विचारल्या विचारल्या सगळं सांगून टाकलं.

"सात म्हणजे गोडं पाणी, असं धरा. त्याच्या जितकं खाली, तितकं आंबट. खाणीतून येतं ते साडेतीन. चौथ्या तळ्यात सहा पूर्णांक आठ, कधी नऊ. दहा महिन्यांत एकदाही बिघडलं नाही."

"त्याच्या आधी?"

त्यानं पानं उलटली. "गेल्या उन्हाळ्यात जरा उतरलं होतं. पाच, मग साडेचार. मॅडम फार काळजीत होत्या. मग आपोआप सुधारलं."

"तू नोंद कधी करतोस?"

"दर मंगळवारी."

"मंगळवारच का?"

ज्ञानेश्वरनं चष्मा काढून पुसला. "मॅडमनी सांगितलंय. मी एकदा शनिवारी करायला निघालो होतो, तर फार रागावल्या. म्हणाल्या, शिस्त मोडायची नाही."

"आणि मागच्या सोमवारी तू कुठं होतास?"

"शेवगावला. बहिणीचं लग्न होतं. रविवारी गेलो तो बुधवारी आलो. दोनशे माणसांनी बघितलंय, ताई." त्यानं मोबाईल पुढं केला. फोटोत तो अक्षता टाकत उभा होता.

पुंजारामचा मृतदेह सगळ्यात आधी पाहिला होता तो दगडाबाईनं. शेळ्यांमागं हिंडणारी ही म्हातारी बाजाराला कधी जायची नाही. ती बांधावर शेळ्या राखत बसली होती.

"बाबा पाण्यात होते ना?" राजनंदिनीनं विचारलं.

"न्हाई गं. काठावर हुते. दुसऱ्या तळ्याच्या." दगडाबाईनं काठी मांडीवर आडवी घेतली. "नीट उतानं निजल्यालं. म्या म्हनलं, झोपलंय म्हातारं. कापडं वली गच्च. पन त्वांड सवच्छ हुतं. डोळं मिटल्यालं, आन् उशाला टावेल घडी करून ठिवल्याला."

"हे तू साहेबांना सांगितलंस?"

"मला कोन इचारतंय?"

राजनंदिनी तिथंच बांधावर टेकली. पाण्यात बुडून मेलेला माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर येऊन झोपत नाही. कोणीतरी त्याला ओढून काढलं होतं, त्याचं तोंड पुसलं होतं, डोळे मिटले होते, मानेखाली टॉवेल घातला होता. मारेकरी असं करत नाही. असं करतं ते जीव लावलेलं माणूस. मग अशा माणसानं हाका का मारल्या नाहीत? इतके दिवस तोंड मिटून का बसलं?

५

सोमवार उजाडला. राजूरचा बाजार भरला. साहेबांचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. चौथा तिनं उचललाच नाही.

पहिल्या जीपनं येऊन दुपारच्या आत परतणाऱ्या माणसाला भाजीपाल्याकडे फिरायला सवड नसते. ती स्टँडजवळच्याच दुकानांतून फिरली. तिसऱ्या दुकानात भिमाजी बसला होता. खिळे, दोरखंड, गेरू, कळीचा चुना असं सगळं विकायचा.

"पुंजाराम व्हय? दर बाजाराला यायचा की. कळीचा चुना न्यायचा. दहा म्हैनं झालं. म्हनायचा, भितीला सफेती करायचीय."

"दहा महिने सफेती?"

"म्या बी हसायचो. म्हनलं, वाडा बांधलास का किल्ला? आन् वजनाला लई चिकट. साडेअठरा किलो म्हंजी साडेअठरा. कवा म्हनायचा, आज बावीस. कागदावर आकडा लिवल्याला असायचा, त्योच दावायचा. मला नवल वाटायचं. सफेती करनारं मानूस आर्धा किलो कशाला मोजतंय?"

"तो कागद आहे?"

"न्हाई बा. परत न्यायचा."

राजनंदिनीला रंगुबाईच्या घरातल्या भिंती आठवल्या. शेण आणि गेरू. पांढऱ्याचं एक बोट नव्हतं.

कळीचा चुना. पाण्यात टाकला की खदखदतो, वाफा सोडतो, उडतो. आंबट पाणी गोडं करतो. हात खातो, बोटांना पांढऱ्या चिरा पाडतो. डोळ्यात गेला तर माणसाला आंधळं करतो. सत्तरीचा म्हातारा दर सोमवारी वीस किलोची गोणी पाठीवर घेऊन चढ चढत होता, रिकाम्या गावात एकटा पिंपात चुना विरवत होता आणि दुसऱ्या तळ्यात ओतत होता. मंगळवारी आकडा चांगला यायचा. झाडांनी पाणी धुतलं, असं वहीत लिहिलं जायचं.

पुंजारामला अक्षरओळख नव्हती. किती आंबट पाण्याला किती चुना, हा हिशेब त्या वाडीत दोनच माणसं करू शकत होती. त्यातलं एक त्या सोमवारी शेवगावला अक्षता टाकत होतं.

ती भिमाजीच्या दुकानाच्या पायरीवर बसली. तिला वाटलं, हे आपण कोणाला सांगितलंच नाही तर? हनुमंत आत जाईल. समितीला सांगता येईल की कोणी विष घातलं म्हणून पाणी बिघडलं; मुदत मिळेल. तळी वाचतील. आईच्या मानेवर परत हंडा येणार नाही. एका माणसाच्या बदल्यात दीडशे घरांचं पाणी.

खिशातला फोन परत वाजू लागला.

६

सुकन्या मॅडम तळ्यांजवळच्या पत्र्याच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. आठ दिवसांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या. राजनंदिनीला पाहताच त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला. पातेलं डाव्या हातानं धरलं, साखर डाव्या हातानं टाकली. उजव्या तळहाताला मनगटापर्यंत पट्टी होती.

"हाताला काय झालं, मॅडम?"

"स्कूटीचा सायलेन्सर लागला."

"सायलेन्सर पोटरीला लागतो, मॅडम. तळहाताला नाही."

चहा उतू गेला. कोणीच स्टोव्ह बंद केला नाही.

"बाबांचा सदरा चुन्याच्या पाण्यानं भिजला होता," राजनंदिनी हळू आवाजात म्हणाली. "त्यांना ओढून बाहेर काढणाऱ्याचे हात भाजणारच. मी भिमाजीकडून आलेय. कागदावरचे आकडे तुमचेच होते ना?"

सुकन्या मॅडमनी स्टोव्ह बंद केला.

"पहिली तीन वर्षं सगळं खरं होतं, नंदिनी," त्या म्हणाल्या. "एक चिमूट चुना नव्हता. झाडांनीच पाणी धुतलं. पहिल्या तळ्याच्या बुडाशी चुनखडीचे दगड घातलेत, ते आंबटपणा खातात. झाडांची मुळं लोखंड धरतात. गेल्या उन्हाळ्यात त्या दगडांवर गंजाचा थर बसला. दगड मेले. आंबट पाणी तसंच पुढं जाऊ लागलं. पाणकणीस चिवट आहे, ते तगलं. वेखंड तगलं नसतं."

"मग सांगायचं होतं तसं."

"कोणाला? समितीला? ते म्हणाले असते, प्रयोग फसला, वाडी उठवा. दगड बदलायचे तर पहिलं तळं सगळ्यांदेखत उकरावं लागलं असतं, आणि तळी वाढवायला मला आणखी तीन वर्षं हवी होती. आणि मी दोन वर्षांत करून दाखवते म्हणून बसले होते." त्यांनी उतू गेलेला चहा फडक्यानं टिपला. "मी बाबांना म्हणाले, एकच महिना. फक्त मला उपाय सापडेपर्यंत. ते म्हणाले, पोरी, झाडं जगली पायजेत. मी दहा महिने त्यांना तो चढ चढायला लावलं. चष्मा दिला होता डोळ्यांना. त्यांना घाम यायचा, ते काढून ठेवायचे."

"सोमवारी?"

"मी पाणी बघायला आले होते. पिंप उलटलं होतं. ते तळ्यात पालथे होते. डोळ्यात चुना उडाला असणार, दिसेना म्हणून पाय घसरला असणार. मी ओढलं, नंदिनी. छाती दाबली. तोंड धुतलं. कितीतरी वेळ." त्या पट्टीच्या हाताकडे बघत होत्या. "मग मी पिंप धुतलं, गोणी गाडीवर टाकली आणि निघून गेले. म्हटलं, अपघात म्हणून मिटेल. समितीचा मंगळवार झाला की सांगेन."

"आणि हनुमंतला मारत होते तेव्हा?"

सुकन्या मॅडमनी पातेलं उचलून मोरीत उपडं केलं.

"तेव्हा तुम्ही इथंच होता," राजनंदिनी म्हणाली. "ओरडणं इथवर येतं. मला माहीत आहे. माझं घर खालीच आहे."

"मी दार लावून घेतलं होतं," सुकन्या मॅडम म्हणाल्या.

७

मंगळवारी समितीचे तीन अधिकारी आले. त्यांनी चौथ्या तळ्यात आकडा बघितला. चार पूर्णांक एक. ते एकमेकांकडे बघून वहीत काहीतरी लिहू लागले.

देवळापुढं सगळी वाडी जमली होती. राजनंदिनीनं साहेबांना सकाळीच सगळं सांगून हनुमंतला सोडवून आणलं होतं. तो डोक्याला पट्टी बांधून पायरीच्या एका टोकाला बसला होता आणि त्याच्या आजूबाजूला दोन-दोन हात जागा मोकळी होती. सुकन्या मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी काहीही लपवलं नाही. चुना, कागद, मंगळवारच्या नोंदी, पिंप, टॉवेल, सगळं सांगितलं. शेवटी हनुमंतकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला मारलं ते माझ्या गप्प बसण्यानं."

कोणी शिवी दिली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाया नुसत्या रिकाम्या डोळ्यांनी ओढ्याकडे बघत होत्या. गोरक्षनं खाली मान घातली ती वर केलीच नाही. राजनंदिनीची आई वाकल्या मानेनं देवळाच्या खांबाला धरून उभी होती. तिनं लेकीकडे एकदाच पाहिलं. "तूच शोधून काडलंस व्हय?" एवढंच म्हणाली. त्यात राग होता की नव्हता, ते राजनंदिनीला पुढं कधीच कळलं नाही.

अधिकाऱ्यांतला एक वयस्कर माणूस निघताना म्हणाला, "ठराव पुढच्या महिन्यात होईल. तोपर्यंत टँकर पाठवू." टँकर हा शब्द ऐकून एक म्हातारी मटकन खाली बसली.

राजनंदिनीनं सुकन्या मॅडमना जीपमध्ये बसवलं. पुरावा लपवणं, जिवाशी निष्काळजीपणा, खोट्या नोंदी; कागदावर बरंच काही येणार होतं. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला करत रंगुबाई आली. कपाळ पांढरंफटक. ती जीपच्या दाराशी उभी राहिली आणि सुकन्या मॅडमकडे टक लावून बघत राहिली. ही आता थोबाडीत मारणार, असं राजनंदिनीला वाटलं, आणि तिनं अडवायला हात पुढं केला नाही.

"माझं म्हातारं तुमी मारलं," रंगुबाई म्हणाली. "ह्ये मी माफ करायची न्हाई. ह्या जल्मात न्हाई. तुमी तोंड दावू नगा मला."

सुकन्या मॅडमनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"पन येक सांगा." रंगुबाईनं दाराची कड घट्ट धरली. "झाडं खोटी हायेत का?"

"नाही," सुकन्या मॅडम म्हणाल्या. "झाडं खोटी नाहीत. मी खोटी."

"मंग त्ये दगड कुटवर उकरायचे, किती खोल, आन् नवे कसले घालायचे, त्येवढं सांगून जा. म्हैनाभर हाय आमच्यापाशी."

मागं बाया गोळा झाल्या होत्या. कुणाच्या तरी हातात आधीच खोरं होतं. पायरीच्या टोकावरून हनुमंत हळूहळू उठला आणि लंगडत, कोणाकडेही न बघता, जेसीबी उभा होता त्या दिशेनं चालू लागला. गोरक्ष क्षणभर थांबला आणि त्याच्या मागं गेला.

सुकन्या मॅडम त्या दोघांच्या पाठीकडे बघत होत्या.

राजनंदिनीनं पुढं वाकून जीपची किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"सांगा, मॅडम," ती म्हणाली. "सावकाश सांगा. मी लिहून घेते."